चार म्हशी, अकरा खोल्या

निजामोद्दीन – "...सबब, आपण कळविल्याप्रमाणे शेजारील खोदकामामुळे आपल्या गोठ्यास धोका संभवत असला, तरी गोठा ही राहती वास्तू नसल्याने सदर काम थांबविण्याचे कारण दिसून येत नाही. उलटपक्षी, भर वस्तीत म्हशी बांधल्याबद्दल आपण खुलासा करावा व सदर जनावरे पंधरा दिवसांत अन्यत्र हलवावीत." खाली सही, सहीवर गोल शिक्का. शिक्का मात्र झकास उमटलाय, मालक.

किशनराव – शिक्क्याचं कौतुक घरी जाऊन कर. दुसरा अर्ज घाल मशिनीत.

निजामोद्दीन – घालतो की. पण म्हशी कुठं हलवायच्या ते ठरलं का?

किशनराव – म्हशी हायेतच कुठं हलवायला?

निजामोद्दीन – मग पंधरा दिवस पुष्कळ झाले.

(लातूर नगरपालिकेच्या फाटकाबाहेर, कडुलिंबाखाली. निजामोद्दीन अर्जनवीस सव्वीस वर्षं याच जागी टाइपरायटर मांडून बसतात आणि लोकांची गाऱ्हाणी कागदावर अशी उतरवतात, की गाऱ्हाणेवाल्याला स्वतःचं दुःख नव्यानं कळावं. समोरच्या स्टुलावर किशनराव. पंधरा वर्षांमागं भूकंपात औशाकडचं गाव सुटलं, लातुरात प्लॉट घेतला, पुढं दोन खोल्यांचं घर बांधलं, मागं अकरा खोल्या काढल्या आणि त्यांत क्लाससाठी आलेल्या मुलींचं हॉस्टेल थाटलं. सकाळी घरून निघताना त्यांना वाटलं होतं की एका अर्जात काम होईल. दुसरा अर्ज लिहायची पाळी आली की माणसाला सरकारचा राग येतो. तसा तो त्यांना आलेला आहे, आणि राग आला की ते टोपी काढून मांडीवर ठेवतात.)

किशनराव – लिही. प्रति, मुख्याधिकारी साहेब. शेजारी विरूपाक्ष चार मजली क्लास बांधून राहिला. जेसीबी लावून माझ्या मागच्या भिंतीला चिकटून चर खांदलाय. भिंत भेगाळली. माणसाच्या मालमत्तेचं रक्षण करनं सरकारचं काम हाय, ते सरकारनं करावं. लिहिलं?

निजामोद्दीन – "मालमत्तेचे" इथंवर आलो. कोणती मालमत्ता, ते लिहावं लागतं.

किशनराव – अकरा खोल्या. तुला काय ठावं न्हाई?

निजामोद्दीन – मला ठाऊक आहे. विरूपाक्षला ठाऊक आहे. तुमच्या बत्तीस मुलींना ठाऊक आहे. पालिकेच्या आकारणीच्या वहीला तेवढं ठाऊक नाही. तिथं लिहिलंय, "पत्र्याचा गोठा, म्हशी चार." आणि ते कुणाच्या अर्जावरून लिहिलंय माहीत आहे ना? याच मशिनीनं लिहिलेला अर्ज. तेव्हा रिबन नवी होती.

किशनराव – तूच म्हनलास, गोठ्याला घरपट्टी कमी लागते.

निजामोद्दीन – मी म्हणालो, गोठ्याला कमी लागते. तुमच्या खोल्या गोठा आहेत, असं मी नाही म्हणालो. ते तुम्ही गुरुबसप्पा गवळ्याच्या चार म्हशी एका दिवसासाठी आणून सिद्ध केलं.

किशनराव – सायेब बघायला येनार होता. काय तरी दाखवाया नको?

निजामोद्दीन – तेव्हा मुलांचं हॉस्टेल होतं तुमचं. मुलांना औशाचा किल्ला बघायला धाडलंत, खाटा एकावर एक रचल्या, वर गवत टाकलं. साहेबांनी दारातूनच नाकाला रुमाल लावला अन् सही केली.

किशनराव – लई हुशार हाकिम होता. मनात शंका न्हाई.

निजामोद्दीन – एका म्हशीनं कुण्या मुलाची केमिस्ट्रीची वही खाल्ली म्हणे.

किशनराव – खाल्ली. निलंग्याचं पोरगं होतं. लई रडलं. पुन्ना सगळी वही लिहून काढली बिचाऱ्यानं, आन त्याच लिहिन्यानं पाठ झालं. आता डाक्टर हाय.

निजामोद्दीन – मग दर साल खाऊ घालायच्या की वह्या.

किशनराव – थट्टा करू नको. भिंतीत भेग हाय माझ्या.

निजामोद्दीन – थट्टा नाही. दर चार वर्षांनी पाहणी आली, दर चार वर्षांनी म्हशी आल्या. मागल्या खेपेला तर गुरुबसप्पा सांगत होता, म्हशी रस्त्यावरून आपल्या आपण वळल्या. त्यांना वाटलं, आपलंच घर.

किशनराव – आजबी येनार हायेत.

निजामोद्दीन – कोण?

किशनराव – म्हशी. सकाळीच निरोप धाडला गुरुबसप्पाला. नोटिशीवरून पालिकेचा मानूस आज बघायला येनार. त्यो बघंल, चार म्हशी हायेत. संध्याकाळी त्या जातील. उद्या आपन लिहून द्यायचं, म्हशी हलवल्या. नोटीस पुरी झाली. काय चुकलं?

निजामोद्दीन – म्हणजे हलवण्यासाठी आधी आणायच्या.

किशनराव – आनल्याबिगर हलवता कशा येतील?

निजामोद्दीन – वा मालक. सव्वीस वर्षं बसलोय इथं, पण एवढा साफ हिशोब कुणी मांडला नव्हता. चहा घ्या.

किशनराव – घेतो. पर आधी एक सांग मला. तू शिकलासवरलास, बसून लिहितोस. मी कमावलं. भूकंपात सगळं मातीत गेलं, त्याच्यावर उभा राहिलो. हमाली केली डाळमिलमधी, तुळजानं दोनशे डबे केले रोज. एक-एक वीट माझ्या घामाची हाय. हाय का न्हाई?

निजामोद्दीन – आहे. याला मी शपथेवर साक्ष देईन.

किशनराव – मग त्यातलं सरकारनं का म्हनून घ्यायचं? मला इचारलं का? कवा तरी दारात येऊन म्हनला का कोनी, किशनराव, तुमची मर्जी हाय का? चोर रातच्याला येतो, एकदा येतो. हे दिवसाढवळ्या येत्यात आन दर साल येत्यात. वर शिक्का मारत्यात.

निजामोद्दीन – आणि पावती देतात.

किशनराव – पावती दिल्यानं दरोड्याची देवळातली वर्गनी होत न्हाई.

निजामोद्दीन – नाही होत. पण एक बघा. मी या झाडाखाली रोज पाच रुपये तहबाजारी देतो. बसायचा कर. आधी एक रुपया होता. पावत्या सगळ्या ठेवल्यात, घरी पत्र्याचं एक पिंप भरलंय. बायको मलिका रोज म्हणते, जाळा हे, उंदरं होतील.

किशनराव – खरंच म्हनते.

निजामोद्दीन – पाच वर्षांमागं रस्ता रुंद करायला आले. सगळ्या टपऱ्या उचलल्या. मला म्हणाले, ऊठ. मी पिंपच आणून ओतलं त्यांच्या जीपपुढं. साहेब म्हणाले, हे काय? म्हटलं, ही माझी जागा. एकवीस वर्षं तुम्हीच मला ही रोज लिहून दिलीत. साहेबांनी मला सहा हात मागं सरकवलं अन् झाडाची सावली दिली. बाकीचे टपरीवाले कुठं गेले, तेही सांगता येत नाही. कर चुकवण्यात हुशार होते सगळे.

किशनराव – म्हंजे त्यो हप्ताच झाला. गल्लीतला दादाबी तेच म्हनतो. पैसा दे, मग तुला कोनी उठवनार न्हाई.

निजामोद्दीन – बरोबर. फक्त दादाला अर्ज करता येत नाही.

किशनराव – हे तुझ्या धंद्याचं बोलनं झालं.

निजामोद्दीन – धंद्याचं नाही तर कशाचं बोलू? मी काय कीर्तनकार आहे?

किशनराव – बरं, दुसरं सांगतो. माझ्या आजानं जमीन वाहिली. तवा निजामाचं राज्य. निजाम गेला, दुसरं सरकार आलं, जमीन तीच, नांगर त्योच. मग ती आजाची झाली कशानं? कागदानं का नांगरानं? आधी मानूस कसतो, मागनं कागद होतो. आन कागदवाला म्हनतो, माझ्यामुळं हाय तुझं. ह्ये म्हंजे लेकरू झाल्यावर बारशाला आलेल्यानं बापपन मागावं.

निजामोद्दीन – हे मात्र लाख बोललात.

किशनराव – हाय का उत्तर?

निजामोद्दीन – अर्धं आहे. आजानं जमीन कसली, मान्य. पण बांध कोरणारा शेजारी तेव्हाही असेल. आजोबा काय करायचे?

किशनराव – काठी घेऊन बसायचा बांधावर.

निजामोद्दीन – मग बसा की तुम्ही. विरूपाक्षकडं जेसीबी आहे, तुमच्याकडं काठी.

किशनराव – साठीला आलो मी.

निजामोद्दीन – तेच तर. काठी धरायची ताकद आहे तोवर माणसाला सरकार नको असतं. आणि एक गोष्ट विचारू? हॉस्टेलचे नियम मीच टाइप केलेत तुमचे. सातवा नियम आठवतो?

किशनराव – टँकरचा?

निजामोद्दीन – "पाण्याच्या टँकरचा खर्च प्रत्येक मुलीकडून समान घेतला जाईल. सबब चालणार नाही." ती उदगीरची सिंधु आली होती ना तुमच्याकडं? म्हणाली होती, काका, मी एका बादलीत आंघोळ करते, ती पलीकडची तीन ओतते, मी का सारखं द्यायचं?

किशनराव – टाकी सगळ्यांची हाय. एकीला सूट दिली तर उद्या बत्तीसजनी बादल्या मोजत बसतील. पानी तर सगळ्यांनाच लागतं. हे मी तिला नीट समजावून सांगितलं.

निजामोद्दीन – छान समजावलंत. मी शेजारीच होतो. तेव्हा तुम्ही मला थेट मुख्याधिकारी दिसलात.

किशनराव – ते येगळं. ती राजीखुशीनं आली माझ्याकडं. न्हाई पटलं तर दुसऱ्या हॉस्टेलात जाईल. मी कुठं जाऊ? इकडून उठलो, पलीकडं तेलंगनाकडं गेलो, तर तिथंबी सरकार हाय. बिनसरकारची एक गल्ली दाखव, आज सामान हलवतो.

निजामोद्दीन – एक होती. बिनसरकारची. सात-आठ तास होती. भूकंप झाला त्या पहाटे, तुमच्या गावात. माफ करा मालक. तोंडातून गेलं.

किशनराव – न्हाई, खरं हाय. कुनाची भिंत कुनाच्यात, कुनाचं भांडं कुनाच्या दगडाखाली. मी आमच्या घरावर हुभा होतो आन मला कळत नव्हतं, हे आमचंच हाय का शेजारच्या वाण्याचं. दुपारी लष्कराचे जवान आले. त्यातला एकजन आमच्या ढिगाऱ्यावर पहाऱ्याला हुभा राहिला. आठ दिस. पावसात. तुळजाचा डबा निघाला, त्यात बोरमाळ. त्यानं आनून हातात दिला. भाषा येत नव्हती त्याला आपली. नुसता हसला.

निजामोद्दीन – त्याचा पगार...

किशनराव – हां, तिथंच थांब. पगार कुनी दिला म्हननार तू. पर त्यानं मला घरपट्टीची पावती इचारली न्हाई. ध्यानात ठेव. मी भरली का बुडवली, त्याला काय देनंघेनं नव्हतं. मानुसकीनं हुभा होता.

निजामोद्दीन – माणुसकीनं एक दिवस उभा राहतो माणूस. आठ दिवस उभं राहायला जेवण लागतं. ते कुठल्या तरी मुलखातल्या माणसानं भरलेलं, ज्याला तुमच्या गावाचं नावही ठाऊक नाही. त्यालाही कुणी मर्जी विचारली नव्हती.

किशनराव – तू मला आज कागद लिहून देनार हायस का न्हाई?

निजामोद्दीन – देतो. "मालमत्तेचे" नंतर काय टाकू? खोल्या का गोठा?

किशनराव – काय तरी मधलं नसतं का? "शेड" लिही.

निजामोद्दीन – लिहितो. मग साहेब विचारतील, शेडमध्ये काय?

किशनराव – "सामान."

निजामोद्दीन – बत्तीस नग.

किशनराव – लई शाना हायस तू. म्हनून तुझ्याकडं यावं वाटत न्हाई, आन तुझ्याबिगर जमतबी न्हाई.

निजामोद्दीन – सरकारबद्दलही लोक असंच म्हणतात. थांबा, रस्त्यावरून वहिनी येत आहेत. चालत. घाईत दिसतात.

किशनराव – तुळजा? ह्या वक्ताला तर पोरींच्या जेवनाची भांडी असत्यात. काय गं, काय झालं?

तुळजाबाई – बसू द्या आधी. निजामभाऊ, पानी हाय का?

निजामोद्दीन – हे घ्या वहिनी. सावलीत बसा.

तुळजाबाई – मशीन पुन्ना सुरू केली त्यांनी. सकाळी दहाला. सैपाकघराची मांडनी हालली, दोन ताटं पडली. भेगंत काल नख जात होतं, आज बोट जातंय.

किशनराव – विरूपाक्षला म्हनलं न्हाई?

तुळजाबाई – म्हनलं. गोड बोलतो त्यो. म्हनला, मावशी, गोठ्याची भिंत हाय, पडली तर म्या नवीन पत्रे देतो. कागद दाखवला मला, पालिकेतनं काढलेला. त्यात आपलं नाव आन म्हशी.

किशनराव – हरामखोर.

तुळजाबाई – त्याला कशाला शिव्या? कागद आपलाच हाय. आन नायगावच्या आरतीचे वडील आले होते. मागच्या खोल्यांत गेले, भिंतीवर हात फिरवला. जाताना म्हनले, रविवारी पोरीला घेऊन जातो. एक गेली की बाकीच्यांचे फोन लागतील.

किशनराव – परीक्षा दोन म्हयन्यांवर आल्या. आता कुठं नेतील पोरींना?

तुळजाबाई – तेच त्यांना इचारलं. म्हनले, नापास झाली तर पुन्ना बसंल.

निजामोद्दीन – वहिनी, म्हशी आल्या का?

तुळजाबाई – आल्या होत्या. दारापर्यंत. गुरुबसप्पा म्हनला, दादांचा निरोप हाय. मी परत धाडल्या.

किशनराव – परत? अगं, सायेब येनार होता.

तुळजाबाई – तोबी आला. म्हशी गेल्या आन त्यो आला. सायेब न्हाई, वहीवाला पोरगा. नवाच लागलाय. म्हनला, मावशी, गोठा कुठाय?

किशनराव – आन तू काय म्हनलीस?

तुळजाबाई – गोठा न्हाई म्हनले. ह्या अकरा खोल्या हायेत, बत्तीस पोरी राहत्यात, ये आत, बघ. मोज. त्याच्याकडं टेप होता, दुसरं टोक धरायला कोनी नव्हतं. मी धरलं.

किशनराव – तू धरलंस.

तुळजाबाई – हाव. बारा बाय दहा. अकराच्या अकरा. सैपाकघर धरून.

किशनराव – निजामभाई, ऐकलंस का? तेरा वर्सं. तेरा वर्सं जपलेलं, बाईनं टेपचं टोक धरून घालवलं. आता मागची सगळी घरपट्टी लावतील. दंडासकट. व्यापारी दरानं.

निजामोद्दीन – लावतील. नाही म्हणत नाही.

किशनराव – का केलंस असं? मला इचारायचं तरी.

तुळजाबाई – तुमाला इचारलं असतं तर तुमी निजामभाऊंना इचारलं असतं, निजामभाऊंनी तुमाला हसवलं असतं, आन तवर भिंत पडली असती.

निजामोद्दीन – यात माझी काय चूक, वहिनी?

तुळजाबाई – तुमची न्हाई. मशिनीची.

किशनराव – पैशाचं सोड. पर ह्यांची ऐट बघ. आपन घाम गाळायचा, ह्यांनी टेप लावायचा. हे बरोबर हाय का, येवढं सांग मला.

तुळजाबाई – बरोबर का न्हाई ते मला कळत न्हाई. तुमी दोघं ठरवा. मला येक आठवत होतं सकाळधरनं. भामाबाईचं घर.

किशनराव – कोन भामाबाई?

तुळजाबाई – आपल्या गल्लीतली. तिसरं घर. त्या दिवशी जवान ढिगारे उपसत होते, तवा कोतवाल वही घेऊन हुभा होता. ह्या घरात किती? पाच. पाच निघाले की पुढचं घर. भामाबाईकडं आदल्या सांजंला तिची लेक माहेरपनाला आली होती, गुरम्मा. वहीत ती न्हाई. भामाबाई तर शुद्धीवर नव्हती. पाच निघाली. जवान पुढं गेले.

निजामोद्दीन – मग?

तुळजाबाई – मी भाकरी वाटत फिरत होते. मला ठावं होतं, पाहुनी आलीय. रातच्याला तिच्याकडनं मी मीठ आनलं होतं. म्हनलं, आवं, सहा हायेत. कोतवाल म्हनला, वहीत पाच. मी म्हनलं, वही राहू दे, मी मीठ आनलंय तिच्याकडनं. परत फिरले ते. सांजंला निघाली. जिती.

किशनराव – गुरम्मा. हां. उदगीरला दिली होती.

तुळजाबाई – अजून तिथंच हाय. दोन पोरं झाली. मागल्या दिवाळीला फोन होता, लई बडबडती अजून.

निजामोद्दीन – अल्लाची मेहेर.

तुळजाबाई – मला येवढंच वाटलं. उद्या रातच्याला ती भिंत आत आली, तर सरकारी मानूस येईल, वही काढंल, आन बघंल. काय असंल वहीत? चार म्हशी. म्हनंल, जनावरं आधीच हलवलीत, नोटीस पुरी झाली. पुढं जाईल. त्या पोरी आपल्या भरवशावर झोपत्यात. कागदावर त्या कुठंच न्हाईत. मला नाव लावायचं होतं त्यांचं. म्हनून टोक धरलं.

निजामोद्दीन – चहा निवला सगळ्यांचा. दुसरा सांगू का?

किशनराव – त्यो वहीवाला काय म्हनला, जाताना?

तुळजाबाई – चांगला पोरगा हाय. म्हनला, मावशी, मी मोजमाप देतो आत, पर त्यावर मालकाचा अर्ज पायजे. राहती वस्ती हाय असं लिहून, सही करून, आज पाच वाजायच्या आत. मग इंजिनेर सायेब उद्या सकाळी येऊन काम बंद पाडतील. राहत्या खोल्यांच्या भिंतीला लागून खांदता येत न्हाई म्हने. गोठ्याच्या येतं.

निजामोद्दीन – सव्वातीन झालेत.

किशनराव – ते पान काढ मशिनीतलं.

निजामोद्दीन – "शेड"वालं?

किशनराव – काढ म्हनलं ना. नवं घाल. लिही. माझ्या प्लॉटवर मागच्या बाजूला अकरा खोल्या हायेत. त्यात मुली राहत्यात.

निजामोद्दीन – किती?

किशनराव – बत्तीस. आरतीला धरून. ती जात न्हाई. तिच्या वडलांना मी फोन करतो.

निजामोद्दीन – "...एकूण बत्तीस विद्यार्थिनी व आम्ही उभयता राहत असून..." पुढं?

किशनराव – पूर्वी गोठा म्हनून नोंद झालेली हाय, ती चुकीनं झाली.

तुळजाबाई – चुकीनं कशी? म्हशी काय वाट चुकून आल्या होत्या?

किशनराव – मग काय लिहू?

तुळजाबाई – "आमी सांगितली" असं लिवा.

निजामोद्दीन – "सदर नोंद अर्जदाराच्या सांगण्यावरून झाली होती." यात लाज थोडी झाकते आणि खोटंही होत नाही. चालेल, वहिनी?

तुळजाबाई – चालंल.

किशनराव – विरूपाक्षच्या चराचं लिही. काम तातडीनं थांबवावं. आमच्या मालमत्तेचं... थांब. मालमत्तेचं नको. "राहनाऱ्यांचं रक्षण करावं."

निजामोद्दीन – मालमत्ताही राहू द्या. तीही तुमचीच आहे. सकाळी त्याच्यासाठीच आला होतात.

किशनराव – बरं, दोन्ही लिही. आधी राहनाऱ्यांचं.

निजामोद्दीन – लिहिलं. आता घरपट्टीचं. "नियमाप्रमाणे होणारी आकारणी भरण्यास मी तयार आहे." हे लागेल. त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही.

किशनराव – तयार न्हाई मी.

तुळजाबाई – आवं.

किशनराव – तयार न्हाई म्हनलं, भरत न्हाई असं कुठं म्हनलं? ते मर्जी इचारत न्हाईत ते न्हाईतच. माझं म्हननं जागच्या जागी हाय. त्या पोरींसाठी भरतो. आन त्या जवानासाठी एक वरीस धरा. बाकी सगळं जबरदस्तीचं.

निजामोद्दीन – फॉर्मात एवढी जागा नसते, मालक.

किशनराव – मग "भरतो" येवढंच लिही. आन हप्ते पाडून द्या म्हनून लिही. चार तरी.

निजामोद्दीन – तीन देतात. चार मागतो. दंड माफीचीही विनंती घालतो खाली, बारीक. न मागितलेलं कुणी देत नाही.

किशनराव – ह्ये बरं बोललास. सरकारला मागायचं तर पोट भरून मागावं. आता आपनबी भरनार हाव.

तुळजाबाई – बघा, आत्ताशी एक रुपया भरला न्हाई, आन आवाज कसा चढला.

निजामोद्दीन – होतं असं. पावती मिळू द्या, रस्त्यातला खड्डा दाखवायला मुख्याधिकाऱ्यांच्या घरी जातील.

किशनराव – जानारच. आमच्या गल्लीत तीन हायेत. गाड्या आदळत्यात पोरींच्या.

तुळजाबाई – पोरी राहिल्या तर गाड्या. आधी सही.

निजामोद्दीन – आणा अंगठा... माफ करा, सही. इथं. आणि इथं. वहिनी, साक्षीदार म्हणून तुमची.

तुळजाबाई – माझी कशाला?

निजामोद्दीन – टेपचं टोक तुम्ही धरलंत.

तुळजाबाई – द्या पेन. नीट येत न्हाई मला लिवायला. आरतीनं शिकवलंय, दुपारच्याला भांडी झाली की बसती ती. अजून "ळ" वाकडा येतो.

किशनराव – येऊ दे वाकडा. वाचता येतोय.

निजामोद्दीन – आता शेवटची ओळ. "वरील मजकूर मी राजीखुशीने लिहून दिला आहे." ही सगळ्याच कागदांवर असते, सवयीनं टाइप होऊन गेली. राहू देऊ?

किशनराव – वाच बरं पुन्ना.

निजामोद्दीन – "राजीखुशीने लिहून दिला आहे."

किशनराव – राजी राहू दे. खुशी तेवढी खोड.